मोरझिऱ्याची

यावलच्या वर, जामन्याकडे वळायच्या आधी
मार्चात एवढंच पाणी उरतं:
दोन बैल बसतील एवढं, वर पळसाची फुलं कुजत.
मुबारक तडवी म्हणाले, "हा मोरझिरा.
मोर बाकी मी इथं कधी पाह्यला नाही."

हातमोजे. तोंडाला फडकं.
सिरिंजने पाणी ओढायचं, पांढऱ्या चकतीतून दाबायचं.
एक लिटर जायला चाळीस मिनिटं, मग दोन दिवस अंगठा ठणकतो.
पाणी फेकून द्यायचं, गाळ ठेवायचा.
तडवींना हे पटत नाही.
"आमी उलटं करतो, मॅडम."

मी सांगते: पाखरू प्यायला येतं,
चोच बुडवतं, पंख झाडतं, शिटतं, उडून जातं.
मागे राहतो त्याचा चुरा,
इतका बारीक की त्याला केरही म्हणवत नाही.
त्या चुऱ्यात एक गोल चिठ्ठी असते
सोळा-सतरा हजार अक्षरांची.
ती फक्त आईकडून येते.
बापाचं त्यात काही नाही.

तडवी काडीने कान कोरतात. विचार करतात.
"म्हंजे मायची वही."

वही.
आमच्या ओट्यावर भाट यायचा उन्हाळ्यात,
लाल कापडातून वही सोडायचा आणि वाचायचा:
सुपडूचा लोटू, लोटूचा तोताराम, तोतारामचा ओंकार.
अख्ख्या वहीत एक बाई नाही.
माझ्या आईची आई न्हावीची. तिची आई भालोदची.
तिच्याही आईला घरात सगळे नुसतं सांगवीवाली म्हणायचे,
आणि त्यापलीकडे मला काही ठाऊक नाही.
पण माझ्या गालाच्या आतल्या कातडीत
सांगवीवालीची चिठ्ठी आहे, जवळजवळ शब्दशः.
नकलताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं, एवढंच.
त्या चुका मोजूनच कळतं
कोणती बहीण कोणापासून केव्हा वेगळी निघाली.

रानपिंगळ्याचं तसंच झालं.
शंभराहून जास्त वर्षं मेलेलाच धरला होता,
कपाटांत थोडी पेंढा भरलेली कातडी.
मग शहाद्याकडे सापडला, सातपुड्याच्या पायथ्याशी, बसलेला.
पुस्तकात त्याला कुणी वेगळं घर काढून दिलं होतं;
चिठ्ठी वाचल्यावर पिंगळ्यांनी त्याला माघारी घेतला.

मी त्याच्याच शोधात होते, खरं तर.

बर्फ यावलच्या स्टँडवरच्या रसवंतीतून घेतला.
पेटी मांडीवर. पुढे केळीचा ट्रक, सारखा ब्रेक मारणारा.
पाणी गळून गळून साडी गार.

सात आठवड्यांनी यादी आली.
बुलबुल. भारद्वाज. तांबट. सातभाई, अर्थात, भरपूर.
मोर: चौदा वेळा.
रानपिंगळा: नाही.
कोंबडी: अकरा हजार वेळा.

बाटलीबंद पाण्याचा एक कोरा नमुना नेतो आम्ही,
स्वतःवर नजर ठेवायला.
त्यातही कोंबडी.
तडवींचा डबा आठवला. दोन घास मीही खाल्ले होते,
हातमोजे काढून, मग घालून.

फोनवर ते खूप हसले.
मोर चौदा वेळा म्हटल्यावर जरा गप्प झाले.
मग म्हणाले, "पन रानपिंगळा तर रोज बोलतो तिथं.
नऊ वाजता, सागावर.
पाण्यावर नसंल उतरत. तुमी पाण्याले इचारलं,
झाडाले कुठं इचारलं?"

आता पुढच्या खेपेला पानं पुसून आणायची आहेत.

यादीच्या तळाशी अजून एक ओळ होती:
जुळणी नाही. तीन वेळा.
पाखरूच, पण नोंदलेल्या कुठल्याच नावाशी न बसणारं.
यंत्राची चूक असेल. तुटका तुकडा असेल.
बहुधा तेच असेल.
तरी रकाना मोकळा सोडायचा नसतो.
मी बराच वेळ पेन धरून बसले, आणि लिहिलं:
मोरझिऱ्याची.